मनगटाचे माप कोणाच्या कामावरून?

1981 साली मॉरे, अ‍ॅस्क्यू आणि चाओ या अमेरिकी संशोधकांनी 33 निरोगी माणसांच्या हाताला मोजणीचे उपकरण बांधून त्यांच्याकडून रोजची 15 कामे करून घेतली. काट्याने खाणे, सुरीने कापणे, जगमधले पाणी ओतणे, दार उघडणे, टेलिफोन कानाला लावणे, वर्तमानपत्र धरणे, खुर्चीतून उठणे अशी ती कामे. हात 50 अंश उताणा आणि 50 अंश पालथा होत असेल तर यांतली बहुतेक पार पडतात, असे त्यांना आढळले. 1985 मध्ये पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाची मोजणी केली. माणसे दहा, ठरवून दिलेली कामे 52. निष्कर्ष असा निघाला की मनगट तळव्याच्या बाजूला 5 अंश, मागे 30 अंश, अंगठ्याकडे 10 आणि करंगळीकडे 15 अंश वळले तरी रोजचे व्यवहार भागतात. निरोगी मनगट पुढे आणि मागे प्रत्येकी सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत वाकू शकते. त्या मानाने फारच थोड्या हालचालीत माणसाचे निभते, असा त्याचा अर्थ झाला.

सहा वर्षांनी, 1991 मध्ये, रियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 माणसे घेऊन 24 कामे मोजली, तेव्हा हाच आकडा पुढे 40 आणि मागे 40 अंशांवर गेला. माणसाचे मनगट सहा वर्षांत बदलत नाही. कामांची यादी बदलली, मोजण्याची रीत बदलली, तसे उत्तर बदलले.

हे आकडे अस्थिशल्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टांच्याही नित्य वापरात आहेत. मोडलेले मनगट किती सुधारले म्हणजे पुरे, सांधा कायमचा जखडायचा झाला तर कोणत्या कोनात, व्यायाम कधी थांबवायचा, या निर्णयांना त्यांचा आधार असतो. मोजणाऱ्यांनी ते प्रामाणिकपणे मोजले आणि त्यांच्या समोरच्या माणसांसाठी ते खरेही होते. पण त्यांच्या यादीत भाकरी नव्हती, लुगडे पिळणे नव्हते, खुरपणी नव्हती, ऊसतोड नव्हती. मनगटाला किती हालचाल लागते हा प्रश्न जितका शरीरशास्त्राचा आहे तितकाच श्रमांच्या इतिहासाचा आहे. या इतिहासात जे हात सर्वांत जास्त राबले, त्यांच्या कामावरून माप ठरलेले नाही, आणि ते ठरायला हवे असे मला तळमळीने वाटते.

आधी हालचाल नीट समजून घेऊ. कोपर अंगाशी धरा, हात पुढे करा, तळवा वर आणा. दुसऱ्या हाताची बोटे मनगटाच्या दोन्ही कडांवर ठेवून आता तळवा हळूच पालथा करा. करंगळीकडचे हाड जवळजवळ जागच्या जागी राहते. अंगठ्याकडचे हाड, ज्याला रेडियस म्हणतात, बादलीच्या कडीसारखे त्याच्यावरून पलटते आणि पंजाला आपल्यासोबत घेऊन जाते. पालथ्या हातात ही दोन हाडे एकमेकांना ओलांडून पडलेली असतात. आपण ज्याला मनगट फिरवणे म्हणतो ते फिरणे असे कोपरापासून मनगटापर्यंतच्या सबंध लांबीत होते. खुद्द मनगटात आठ छोटी हाडे दोन ओळींत बसवलेली आहेत. त्यांचे काम पुढेमागे आणि आडवे वाकण्याचे. पण हातोडी मारताना किंवा तांब्याने पाणी ओतताना मनगट सरळ रेषेत जातच नाही. मागून आणि अंगठ्याच्या बाजूने ते पुढे, करंगळीच्या बाजूला तिरके उतरते. ही तिरकी हालचाल बरीचशी हाडांच्या त्या दोन ओळींमधल्या सांध्यात होते. तिचा वेगळा अभ्यास सुरू होऊन फार काळ लोटलेला नाही.

उताण्या आणि पालथ्या हातात एक मोठा फरक आहे. हात पालथा होत नसेल तर कोपर बाहेर काढून खांदा वेळ मारून नेतो. उताणा होत नसेल तर खांद्याला फारसे काही करता येत नाही. पडून मनगट मोडलेल्या आणि हाड वाकडे जुळलेल्या म्हातारीला प्रसादासाठी हात पुढे करता येत नाही, दुकानदाराकडून सुट्टे पैसे घेताना पसा धरता येत नाही, जेवताना घास तोंडाशी नेण्याऐवजी तोंडच घासाकडे न्यावे लागते. डब्लिनच्या अब्राहम कॉलिसने 1814 साली, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 81 वर्षे आधी, हे मोडणे केवळ बोटांनी चाचपून बरोबर ओळखले होते. आजही म्हातारपणी मोडणाऱ्या हाडांत ते पहिल्या काहींत आहे. हात उताणा करण्यात दंडाच्या बेटकुळीचा मोठा वाटा असतो. उजव्या हाताने बरणीचे झाकण आवळून बसवणे सोपे जाते आणि त्याच हाताने ते सोडवणे अवघड, त्यामागे हेच आहे.

हे मनगट आपल्याला आयते मिळालेले नाही. चिंपांझी आणि गोरिला यांचे मनगट मागे फार वाकत नाही. मुठी टेकवून चालणाऱ्या प्राण्याला ते ताठ राहिलेलेच बरे. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर सापडलेल्या बुटक्या मानवाच्या मनगटाची हाडे 2007 मध्ये तपासली गेली, तेव्हा ती आपल्यापेक्षा वानरांशी अधिक जुळणारी निघाली. दगडावर दगड आपटून धार काढणे, सोटा हाणणे, नेम धरून फेकणे या कामांनी आपले मनगट लाखो वर्षांत घडवले, असे अनेक अभ्यासक मानतात. हसमुख सांकलिया यांनी नेवाशाला प्रवरेच्या काठी जी अश्मयुगीन हत्यारे शोधली, त्यांच्यावरचा प्रत्येक टवका अशा एकेका तिरक्या फटक्याने उडालेला आहे.

त्यानंतर धान्य आले आणि मनगटाच्या इतिहासातले सर्वांत दीर्घ काम सुरू झाले. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन घरांत धान्य रगडायचे दगडी पाटे मिळाले. असा पाटा वापरायचा तर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी वरचा दगड पुढे रेटायचा आणि मागे ओढायचा. रेटताना मनगट मागे वाकलेले असते आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावरून जातो. सीरियातल्या अबू हुरेरा इथल्या नवाश्मयुगीन सांगाड्यांचा अभ्यास थेया मॉलेसन यांनी केला. गुडघ्यांवर, पाठीच्या मणक्यांवर आणि पायाच्या अंगठ्यांवर या दळण्याच्या खुणा त्यांना दिसल्या, आणि त्या मुख्यतः बायकांच्या हाडांवर होत्या. 2017 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी स्त्रियांच्या दंडाची हाडे आजच्या वल्हेकरी खेळाडू मुलींच्या हाडांशी ताडून पाहिली. त्या प्राचीन बायकांचे हाड 11 ते 16 टक्क्यांनी अधिक बळकट निघाले. स्पर्धेसाठी रोज वल्ही मारणाऱ्या मुलींपेक्षा! लिहिता न येणाऱ्या या बायकांच्या श्रमांचा पुरावा त्यांच्या हाडांनी जपून ठेवला होता. तो वाचायला आपण इतकी वर्षे घेतली.

महाराष्ट्रात गोल फिरणारे जाते सातवाहनकाळाच्या थरांपासून दिसू लागते. पाट्यावरची पुढेमागे होणारी रेटारेटी संपली आणि हात वर्तुळात फिरू लागला. जात्यावर बसलेल्या बाईचा हात जवळून पाहिला तर त्यात किती हालचाली गुंफलेल्या असतात ते कळते. खुंटा मुठीत असतो, पण आवळून धरलेला नसतो. आवळला तर प्रत्येक फेऱ्याला कातडी सोलवटेल. खुंटा दूर जाताना मनगट एका बाजूला झुकते, जवळ येताना दुसऱ्या बाजूला, कोपर मिटते आणि उघडते, कंबर मागेपुढे झुलते. दुसरा हात तेवढ्यात सुपातली मूठ उचलून जात्याच्या तोंडात वैरण घालतो. हा हात आत जाताना पालथा, मूठ सोडताना किंचित कलता, आणि बरोबर त्या क्षणी खुंटा तोंडापासून दूर असावा लागतो. दोन हात दोन वेगळ्या गतींनी चालतात आणि त्यांना बांधून ठेवते ती ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. शब्द जपले गेले ही फार मोठी गोष्ट झाली. त्या शब्दांखालचा हाताचा फेर मात्र विजेची गिरणी गावात आली तसा मोजल्यावाचून निघून गेला. तो परत यावा असे मी चुकूनही म्हणणार नाही. पहाटे उठून दळणे हा जाच होता आणि तो सुटला हे चांगलेच झाले.

भाकरी मात्र अजून आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते नुसते तिंबून भागत नाही. गरम पाणी घालून तळव्याच्या मुळाने परातीत रगडावे लागते. तेव्हा मनगट मागे वाकून ताठ राहते आणि खांद्याचा जोर त्याच्यातून पिठात उतरतो. मग थापणे. हात पूर्ण पालथा, बोटे सपाट, मनगटातून हलके हलके फटके, आणि प्रत्येक फटक्यासरशी भाकरी स्वतःभोवती थोडी सरकते. कडा पातळ होतात, मधला भाग फाटत नाही. शेवटी ती परातीतून उचलायची, दोन्ही तळव्यांवर घ्यायची आणि एका झोकात उलटून तव्यावर अशी टाकायची की पिठाची बाजू वर यावी आणि वाफेचा चटका बसण्याआधी त्या बाजूला पाणी फिरवता यावे. या एका उचलण्या-उलटण्यात हात जवळजवळ पूर्ण उताण्यापासून पूर्ण पालथ्यापर्यंत जातो. 50 अधिक 50 अंशांच्या हिशेबात ती भाकरी मोडेल. लुगडे पिळताना तर दोन मनगटे एकाच वेळी उलट दिशांना, आपापल्या टोकाच्या मर्यादेपर्यंत, ताकद लावून वळतात. कोपरे बाजूला आडवी धरून नमस्कार केला, तर दोन्ही मनगटे जवळजवळ काटकोनात मागे वळतात. जमिनीवर तळवा टेकून उठताना तेच होते आणि अंगाचा भारही पेलावा लागतो. खुर्चीतून हात टेकून उठणे हेच आपल्या यादीतले मनगटाला सर्वांत मागे वाकवणारे काम, असे मनगटाच्या हालचाली मोजणाऱ्या ब्रमफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याला 1984 मध्येच दिसले होते. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत म्हातारी माणसे जमिनीवरून उठतात.

हत्यारे घडवणाऱ्यांना मनगट केव्हा मोकळे सोडायचे आणि केव्हा बांधायचे याची पक्की जाण होती. मराठ्यांच्या दांडपट्ट्यात हात लोखंडी खोबणीत जातो, आतली आडवी मूठ धरली की मनगट जवळपास जखडते आणि पाते हाताचाच वाढलेला भाग होते; फिरवायचे ते कोपरातून, खांद्यातून आणि पायांच्या पवित्र्यातून. पट्ट्याचे नमुने संग्रहालयांत आहेत, त्याचे खेळ होतात, त्यावर लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. खुरप्याच्या मुठीवर इतक्या बारकाईने कोणी लिहिले आहे का, असा प्रश्न मात्र मनात येतो.

हाताच्या दुखण्याची दखल ज्या क्रमाने घेतली गेली तो क्रमही बोलका आहे. इटलीच्या बेर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. तो मोठ्या मनाचा माणूस होता, संडास उपसणाऱ्यांपासून धोबिणींपर्यंत सगळ्यांकडे गेला. पण हाताच्या एकाच दिशेने अखंड चालण्याने येणारे दुखणे त्याने ज्यांच्याबाबत खोलात मांडले ते लेखनिक होते. आपल्या पेशवे दफ्तरातही बोरूने मोडी ओढणाऱ्या कारकुनांनी आधी ओळभर रेघ मारून मग तिला अक्षरे टांगत हजारो रुमाल भरले. त्यांचे मनगट काय सोसत होते हे कोणी नोंदले असेल असे वाटत नाही. ब्रिटनमध्ये 1908 साली तारायंत्र चालवणाऱ्यांच्या हाताचा पेटका नुकसानभरपाईच्या कायद्यात आला. 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियात संगणकाच्या कळफलकावर काम करणाऱ्यांचे हात दुखू लागले आणि देशभर त्याची चर्चा झाली, चौकशा झाल्या. लेखणी, तार, कळफलक. कचेरीतला हात दुखला की तो ऐकू जातो, कारण त्याच्यावाचून राज्यकारभार अडतो आणि त्याचे गाऱ्हाणे लिहून काढणारा माणूस शेजारच्याच टेबलावर बसलेला असतो.

भारताने या बाबतीत एक पाऊल फार चांगले टाकले आहे, आणि ते फारसे कोणाला माहीत नाही. अपंगत्व मोजण्याच्या 2001 च्या मार्गदर्शक सूचनांत हातासाठी दहा कामे दिली आहेत, प्रत्येकाला 9 टक्के. डोक्यावरची वस्तू उचलून ठेवणे, नाकाला हात लावणे, आपल्या पद्धतीने हाताने जेवणे, केस विंचरून वेणी घालणे, सदरा घालणे, पाणी घेऊन स्वच्छता करणे, पेल्याने पाणी पिणे, गुंड्या लावणे, नाडी किंवा धोतर बांधणे, आणि लिहिणे. काटा आणि टेलिफोन बाजूला ठेवून कोणीतरी इथल्या माणसाच्या दिवसाकडे पाहिले, शौचाचा आणि वेणीचाही विचार केला, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. परंतु दहापैकी नऊ कामे स्वतःचे शरीर सांभाळण्याची किंवा साध्या हातवाऱ्याची आहेत. पोटापाण्याचे म्हणता येईल असे काम एकच, लिहिणे. तीनशे वर्षांपूर्वीचा लेखनिक इथेही येऊन बसला आहे. ज्या बाईने आयुष्यात कधी पेन धरले नाही, तिची उपजीविका ज्या हालचालीवर आहे ती हालचाल या दहांत कुठेच नाही.

ऊसतोडीचे उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना भागातून जोडपी निघतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकच्या फडांवर जातात. कमरेत वाकून डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्या हाताने कोयता अगदी जमिनीलगत मारायचा, कारण बुडखा मागे राहिला तर साखर मागे राहते आणि मुकादम बोलतो. त्या फटक्यात मनगट मागून-अंगठ्याकडून पुढे-करंगळीकडे तिरके उतरते. नेवाशाच्या दगडावर टवका उडवणारी तीच ही हालचाल. फरक एवढाच की ऊस कठीण लागला की फटक्याचा हादरा मुठीतून थेट त्या आठ छोट्या हाडांत शिरतो, आणि दिवसाचे असे फटके मोजणे मला शक्य नाही. वाढे तोडणे, पाचट सोलणे, मोळी आवळून बांधणे हे सगळे त्यावर. मोळी आवळताना दोन्ही मनगटे पिळली जातात. मजुरी टनावर. ज्या आठवड्यात मनगट सुजते त्या आठवड्यात टन भरत नाहीत आणि उचल तशीच डोक्यावर राहते. सोलापूरच्या विडी कामगार बायकांचेही तसेच: हजार विड्यांवर मजुरी, पान कापताना कात्री मिटण्या-उघडण्याचे काम, वळताना अंगठ्याच्या मुळावर ताण. अंगठ्याच्या मुळाशी कंडरांच्या आवरणाला येणारी ही सूज स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी 1895 साली नोंदवली. इंग्रजी पुस्तकांत तिला धोबिणींचे दुखणे असेही नाव होते. म्हणजे वैद्यकाला ते कोणाचे दुखणे आहे हे ठाऊक होते. यादीत मात्र धोबीण कधी आली नाही.

हाताची हालचाल मोजण्यासाठी आता माणसाला प्रयोगशाळेत आणून तारा जोडायची गरज उरलेली नाही. घड्याळाएवढ्या पट्ट्यात बसणारी संवेदके दिवसभराचे कोन आणि हादरे टिपू शकतात. आणि हे काम करायला आपल्याकडे राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. दातेरी पात्याच्या वैभव विळ्यासारखे साधे अवजार शेतात पोहोचले, तेव्हा विळा हाणण्याऐवजी ओढून कापता येऊ लागले आणि मनगटाचा झटका कमी झाला; अवजार बदलून हात वाचवता येतो हे आपण करून दाखवलेले आहे. कोयत्याच्या बाबतीत, त्याच्या दांड्याच्या लांबीबाबत, मुठीच्या कलाबाबत तेवढाच विचार व्हायला काय हरकत आहे? आणि जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टने प्लास्टर काढल्यानंतर पहिल्या दिवशी 'दुखते का' याच्या बरोबरीने 'रोज काय करता' हे विचारले, भाकरी थापणाऱ्या बाईला उताणा-पालथा हात पूर्ण मिळेपर्यंत आणि ऊसतोड करणाऱ्याला तो तिरका फटका जमेपर्यंत उपचार चालू ठेवले, तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अपंगत्वाच्या यादीत भर घालायला मात्र लागेल: लिहिण्याच्या बरोबरीने ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचे एक काम. ते मोजायचे तर हंगामात, फडावर, सकाळच्या थंडीत ओल्या उसावर मोजावे लागेल. रुग्णालयात खुर्चीवर बसवून हातात कोयता दिला तर पुन्हा खुर्चीचेच माप निघेल.